मचूळ पाण्याचा ऑक्टोबर

परवा इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे झाली. फोनमधली आपोआप होतात. स्वयंपाकघरातलं तेवढं मी स्टुलावर चढून हाताने फिरवते. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा होतो न होतो तोच बाहेर अंधारायला लागतं. बस स्टॉपजवळ ओल्या पानांचा चिखल होतो, त्यावरून शाळेची पोरं घसरत, खिदळत जातात. कामावरून येताना मी त्या पानांच्या कडेकडेने चालते आणि काही कारण नसताना माझ्या नाकात खाडीचा वास येतो. कुजक्या पानांचा वास वेगळा, खाजणातल्या काळ्या चिखलाचा वेगळा. तरी येतो.

आमच्याकडे गावी हे दिवस कापणीचे. भात खळ्यावर यायचं, दुपारी ऊन पाठ भाजायचं, आणि खाडीतले खेकडे मांसाने भरलेले असायचे. इथे परदेशात, हाउन्सलोमध्ये हे दिवस हीटिंग लावायचे. पण आठ वर्षांपूर्वीचा एक ऑक्टोबर आमच्या घरात खेकड्यांचा होता. तो दर वर्षी परत येतो, आणि मी त्याच्याबद्दल कुणाशी बोलत नाही. म्हणून वहीत लिहिते.

रेवा तेव्हा बारा वर्षांची होती. वाढदिवसाला कुत्रा हवा म्हणाली. घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. मग मांजर, मग ससा असं करत करत शेवटी बापलेक झाडांच्या मोठ्या दुकानात गेले, तिथे मागच्या बाजूला मासे-बिसे विकतात, आणि काचेची टाकी घेऊन आले. टाकीत दोन खेकडे. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडे मोठे, पाठ काळपट, नांग्या लाल.

"एक मेल, एक फीमेल," रेवा म्हणाली. "तो मोठा बॅरी आणि ही क्वीनी."

आमचे हे कार्गोच्या वेअरहाऊसमध्ये काम करतात, दिवसभर पेट्या मोजून आले की घरी त्यांना विनोद सुचतात. बूट काढता काढता म्हणाले, "एवढ्याशात काय होणार गं? रस्सा करायचा तर निदान डझनभर तरी आणायला हवे होते."

"बाबा! दे आर पेट्स!"

"मी पण तेच म्हणतोय. पेटमध्येच जाणार."

रेवा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मी टाकीपुढे बसले. हात आपोआप पुढे गेला. मागच्या पायांजवळ, दोन बाजूंनी, अंगठा आणि पहिलं बोट. तसं धरलं की नांगी पोचत नाही. हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही, भाकरी थापायला शिकवलेलं आठवत नाही तसंच. क्वीनीला उचललं आणि उताणी केली. पोटावर दुमडलेली पट्टी असते. मादीची रुंद, गोल, अंडी धरायला केलेली. नराची अरुंद, टोकाला निमुळती. मी बघितलं, मग बॅरीला बघितलं.

"रेवा, हे दोघेही नर आहेत."

"नो आई. शॉपमधल्या मॅनने सांगितलं."

मग मी तिला दाखवलं. तिने फोनवर शोधलं, चित्र आणि पोट, चित्र आणि पोट, असं चार वेळा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यासाठी मी पुष्कळ वर्षं थांबले होते, हे मला तेव्हाच कळलं. शाळेचा कागद असो, डॉक्टरचा निरोप असो, आमच्या घरात बोट ठेवून वाचून दाखवणारी नेहमी ती असायची आणि ऐकणारी मी. त्या दिवशी उलटं झालं.

नाव काही तिने बदललं नाही. "क्वीनी कुठे गेला?" असं म्हणायची. मी मात्र शेवटपर्यंत क्वीनीला 'ती'च म्हणत राहिले.

दुसरी गोष्ट पाण्याची. दुकानदाराने सांगितलं होतं, नळाचं पाणी, त्यात औषधाचे थेंब. पण ते दोघे पाण्यात थांबतच नव्हते. फिल्टरच्या नळीवर चढून झाकणाला चिकटून बसायचे. एकदा बॅरी जिन्याखाली बुटात सापडला. रेवाला वाटलं त्याला फिरायला आवडतं. मला ते बघवेना. असले लाल नांगीचे बारके खेकडे आमच्या खाजणात, कांदळाच्या मुळांत असायचे. अगदी हेच नसतील, पण यांचेच कुणीतरी. ओहोटीला चिखलावर यायचे, सावली पडली की बिळात. खाडीचं जनावर ते. त्याला गोडं पाणी चालत नाही आणि समुद्राचं खारंही नाही. भरती आणि नदी मिळून जे होतं ते मचूळ पाणी त्याला लागतं. आणि वर बसायला थोडी जमीन.

रेवाने वाचून सांगितलं की जेवणातलं मीठ नाही चालत, माशांसाठीचं वेगळं मिळतं. ते आणलं. पाण्यात बुडवून खारटपणा मोजायची काचेची नळीही आणली. मी म्हटलं, थांब. नव्या बादलीत पाणी घेतलं, मीठ टाकत गेले, ढवळत गेले, बोट बुडवून जिभेला लावत गेले. खाडीत आमच्या धक्क्याखाली जी चव होती, मे महिन्यातली नाही, आत्ताच्या दिवसांतली, ती येईपर्यंत. मग म्हटलं, "आता मोज."

रेवाने नळी सोडली. ती हलली, डुलली, उभी राहिली. रेवाने फोनमध्ये बघितलं, नळीत बघितलं.

"आई, परफेक्ट आहे! तू कसं केलंस?"

मी नुसती हसले. तीस वर्षांपूर्वीची चव जिभेवर राहते हे मलाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून खेकडे खाली उतरले. विमानतळ जवळच, घरांवरून विमानं इतकी खालून जातात की टाकीतलं पाणी बारीक थरथरतं. तेवढा वेळ दोघे जागच्या जागी थिजून बसायचे, डोळ्यांच्या काड्या आत घेऊन. विमान गेलं की एकेक काडी बाहेर. रेवा आणि मी शाळेनंतर चहा घेऊन टाकीसमोर बसायचो आणि विमानांची वाट बघायचो. एरवी मी विमानांना शिव्या घालते.

मग तिचं रोजचंच सुरू झालं. आई, अजून सांग. मी सांगायचे. माझी आये लोखंडी आकडी घेऊन खाजणात जायची, मी तिच्या मागे टोपली घेऊन. बीळ वाचायचं असतं. तोंडाशी ताजा चिखल असेल तर मालक घरात आहे. तोंड गुळगुळीत आणि गोल असेल तर हात घालायचा नाही, ते सापाचं. शेतातल्या बांधावरचा तो मुठा, त्याची पाठ काळी आणि चिखलाने माखलेली. खाडीतली ती चिंबोरी, हिरवट, नांगी धरली तर बोट तुटेल. समुद्राकडून एक यायचा, त्याच्या पाठीवर फुली असायची. आणि एक चिमुकला, त्याची एकच नांगी मोठी, दिवसभर ती वरखाली हलवत कुणाला तरी बोलवत असायचा. अवसेला खेकडा भरलेला, पुनवेला पोकळ, असं आये म्हणायची. रेवाने विचारलं, "व्हाय?" मला नव्हतं माहीत. आयेलाही नसावं.

मला रांगोळी चांगली येते, त्यामुळे हाताला वळण आहे. रेवाने जाड कागद दिले आणि मी पेन्सिलने खेकडे काढले. एकेक पाठीकडून आणि पोटाकडून. नर, मादी. नांगीचे दात. बिळाची तोंडं. अकरा कागद झाले. रेवा त्यावर इंग्रजीत नावं लिहायची. माझी चित्रं आणि तिची अक्षरं एका कागदावर बघताना मला फार बरं वाटायचं. दुसरा शब्द सुचत नाही.

गुरुवारी शाळेत सायन्स इव्हिनिंग होती. प्रत्येकाने काहीतरी मांडायचं. रेवा खेकडे कसे ओळखायचे हे मांडणार होती.

"मी कधी येऊ?" मी विचारलं.

"पेरेंट्स नाहीयेत आई. ओन्ली स्टुडंट्स."

आता मला सुधाताईंबद्दल लिहायला हवं. सुधाताई म्हणजे आमच्या यांच्या मोठ्या बहीण. स्टॅनमोरला राहतात, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मोठ्या हुद्द्यावर. मी लग्न होऊन आले तेव्हा विमानतळावर मला गरम कोट घेऊन त्याच आल्या होत्या. बसचं तिकीट कसं दाखवायचं, दुकानात रांगेत कुठे उभं राहायचं, सगळं त्यांनी शिकवलं. इथे मी जिला मनातलं सांगितलं अशी ती एक बाई. एकदा कसला तरी फॉर्म भरताना त्यांनी शिक्षण विचारलं. घरात सगळ्यांना माहीत होतं की मी दहावी. मामाने लग्नाच्या वेळी तसं सांगितलं होतं आणि मीही तेच पुढे चालवलं होतं. ताईंना मात्र मी खरं सांगितलं. चौथी. पाचवीची शाळा खाडीपलीकडे, होडीने जायचं, आणि त्या वर्षी आये आजारी पडली. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला होता. म्हणाल्या होत्या, "माझ्यापाशी राहील हो हे."

त्या गुरुवारी सकाळी बस स्टॉपवर रेवाच्या वर्गातल्या हरलीनची आई भेटली. म्हणाली, शाम को मिलते हैं स्कूल में, साढ़े पाँच बजे. मला वाटलं, रेवाला नीट समजलं नसेल. लॉन्ड्रीत मी इस्त्री करते, तिथून तासभर लवकर सुटी मागितली. मॅनेजर कधी देत नाही, त्या दिवशी दिली. घरी येऊन चांगला निळा कुर्ता घातला. वाटेत हसू येत होतं, की पोरीला सरप्राइज होईल.

मोठा हॉल, टेबलांच्या रांगा, खूप आवाज. रेवाचं टेबल मला लांबूनच दिसलं, माझे अकरा कागद हिरव्या बोर्डावर लावलेले. त्याच्यापुढे सुधाताई उभ्या होत्या. अंगात तो सुंदर करडा कोट. शाळेच्या सायन्सच्या बाई त्यांच्याशी बोलत होत्या आणि ताई माझ्या चिंबोरीच्या पोटावर बोट ठेवून काहीतरी समजावत होत्या. मी जवळ गेले. मला इंग्रजी सावकाश वाचता येतं. खाली लिहिलं होतं, चित्रं आणि माहिती, माझी आत्या. रेवाचं अक्षर. तेच अक्षर, जे माझ्या चित्रांशेजारी बघून मला बरं वाटायचं.

बाई ताईंना म्हणत होत्या, तुम्ही समुद्रातल्या प्राण्यांचं शिक्षण घेतलंय का? आणि ताई मान हलवून हसल्या. "नाही नाही, आमचा किनाराच तसा आहे."

मग त्यांना मी दिसले. "अगं! तू आलीस? रेवा म्हणाली तुला काम आहे."

रेवा लाल झाली. बाईंना म्हणाली, "ही माझी आई." बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, "तुम्हालाही आवडतात का खेकडे?"

मी म्हटलं, "येस. व्हेरी नाइस."

 यापेक्षा जास्त सुचलं असतं तरी मी बोलले नसते, मी माझी मला ओळखते. टेबलावर बिस्किटं होती, एक घेतलं, ते हातातच मऊ होत राहिलं.

ताईंनी गाडीतून घरी सोडलं.  वाटेत ताई आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस हं. आईने सांगितलं म्हटल्यावर त्या बाई तुलाच प्रश्न विचारणार. दिली असतीस का उत्तरं? पोरीची फजिती, तुझी फजिती. मी आपली मध्ये उभी राहिले इतकंच."

मी म्हटलं, "हो ताई."

रेवा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू मला टेन्थ म्हणाली होतीस. आत्याने सांगितलं, फोर्थ आहे."

ताईंनी सिग्नल बदलायच्या आधीच गिअर टाकला. आरशातून बघायचं मात्र थांबवलं.

मी खोटं बोलले होते, हे खरंच. पण मी विचार करत बसते, की दहावी हे खोटं होतं म्हणून ते अकरा कागदही खोटे झाले का? मीठ ढवळताना जिभेला जे कळलं होतं, ते चौथीतल्या बाईचं म्हणून कमी खरं होतं का? रेवाने नळी घालून मोजलं होतं. तिने स्वतः मोजलं होतं. परक्याने फसवलं तर माणूस भांडतो, निदान चार लोकांना सांगतो. पोटच्या पोरीने आणि जिच्यापाशी मन मोकळं केलं तिने मिळून आपल्याला बाजूला सरकवलं, तर ते सांगायचं कुणाला? यांना सांगितलं. टीव्ही बघता बघता म्हणाले, "अगं, घरातल्या घरातच राहिलं ना क्रेडिट." त्यांचं काही वाईट नव्हतं मनात. कुणाच्याच नव्हतं. तेच तर सहन होत नव्हतं.

मी पाणी बदलत राहिले. मीठ ढवळत राहिले. रेवा टाकीपुढे येऊन बसली की मला भाजी चिरायची आठवण व्हायची.

मग घड्याळं मागे झाली आणि हाफ टर्मची सुटी लागली. मंगळवारी, माझ्या आठवड्याच्या सुटीला, दुपारची जेवणं झाल्यावर, रेवा किंचाळली.

"आई! क्वीनी मेला!"

मी ओले हात पुसत आले. टाकीत, काचेजवळ, क्वीनी पडली होती. पाय पसरलेले, नांग्या सैल. रेवाने चमच्याने बाहेर काढली, माझ्या तळहातावर ठेवली. आणि हाताला लगेच कळलं. वजन नव्हतं. डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या. पाठीमागे, पाठ आणि पोट जिथे मिळतात तिथे, शिवण उसवल्यासारखी उघडलेली. ती मेली नव्हती. तिने कात टाकली होती. खेकड्याला वाढायचं तर जुनं कवच सोडून मागच्या मागे बाहेर यावं लागतं. डोळे, मिशा, सगळं त्या कवचातून ओढून काढावं लागतं. मी टाकीत बघितलं. फुटक्या कुंडीच्या तुकड्यामागे काहीतरी फिकट होतं. ओल्या साबणाच्या वडीसारखं मऊ, आधीपेक्षा मोठं, न हलणारं.

काय करायचं ते मला माहीत होतं. बॅरीला बादलीत काढायचं. चार-पाच दिवस, तिची पाठ कडक होईपर्यंत. खेकडा मऊ खेकड्याला सोडत नाही. टोपलीत अशी मऊ चिंबोरी आली की आये ती वेगळ्या फडक्यात बांधायची.

मी तोंड उघडलं होतं. रेवा म्हणाली, "आत्याला फोन करते."

तिने फोन स्पीकरवर टाकला. ताई म्हणाल्या, "ओ डिअर. पाण्यात काहीतरी बिघडलं असेल. सगळं पाणी बदला आज-उद्या. रडू नकोस सोन्या."

पाणी मी करत होते. मी तिथेच उभी होते, हातावर ते हलकं कवच घेऊन. मी तोंड मिटलं.

रेवाने कवच किचन टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि मागच्या बागेत कुंपणाजवळ पुरलं. वर एक गोल दगड ठेवला. मग डोळे पुसून हरलीनकडे गेली. घरात मी आणि ते दोघे. दोन वाजले होते.

बॅरी अजून वर नळीपाशी होता. बादली मोरीतच होती. दहा पावलंसुद्धा नाहीत. मी लसूण सोलला. मग ढीगभर कपड्यांच्या घड्या केल्या. मनात म्हणत होते, ही एवढी घडी झाली की उठते. दोन विमानं गेली. टाकीकडे पाठ होती तरी पाणी थरथरलेलं मला कळलं. मी म्हटलं, विचारू दे की तिला. कुणी तरी एकदा मला विचारू दे. हे मी कुणाला म्हणत होते? घरात कुणी नव्हतं. मी कणीक मळली. बाहेर उजेड उतरायला लागला, दिवा लावायला उठले, आणि मग शेवटी बादली घेऊन गेलेच.

बॅरी खाली कुंडीच्या तुकड्याजवळ बसला होता. एका नांगीत फिकट पाय धरून, दुसऱ्या नांगीने सावकाश तोंडाकडे नेत होता. घाई नव्हती त्याला. त्याचा काही दोष नाही. तो खेकडा.

रेवा पाच वाजता आली. टाकीपुढे वाकली आणि तशीच राहिली. एक क्वीनी बागेत दगडाखाली, मग हे काय? तिने फोन काढला. मी पोळ्या लाटत होते. तिच्या श्वासावरून मला कळत होतं ती कुठल्या ओळीवर आली आहे.  मग ती स्वयंपाकघराच्या दारात आली, तोंड पांढरं.

"आई, तो मोल्ट होता. ही वॉज अलाइव्ह. आपण बॅरीला काढायला पाहिजे होतं." मग अगदी हळू, "तुला माहीत होतं का?"

माझ्या हातात लाटणं होतं. हो म्हणायला मला एक श्वास पुरला असता. हो म्हटलं असतं तर ती ओरडली असती, कदाचित मला कधी माफ केलं नसतं. पण मला माहीत होतं, हे तिला कळलं असतं.

मी म्हटलं, "नाही."

ती जवळ आली. पिठाच्या हातासकट मला मिठी मारली, माझ्या खांद्यावर रडली. आणि पाठीवरून हात फिरवत, मलाच समजावत म्हणाली, "इट्स ओके आई. तुला कसं माहीत असणार."

तिला संशयसुद्धा आला नाही.